माइंड : नाम की क्रिया?

इंग्रजीतला ‘माइंड’ हा शब्द नाम म्हणूनही चालतो आणि क्रियापद म्हणूनही. नाम म्हणून तो तत्त्वज्ञांच्या मालकीचा झाला आहे : शरीराहून वेगळे, जाणणारे, विचार करणारे असे काहीतरी. क्रियापद म्हणून तो अगदी घरगुती राहिला आहे : शेजारणीचे मूल सांभाळणे, पायरीकडे लक्ष देणे, कुणाच्या बोलण्याचा राग मानणे. ‘माइंड म्हणजे नेमके काय, आणि ते देहात राहते कसे?’ या प्रश्नावर युरोपात सतराव्या शतकापासून जो वाद चालू आहे, तो बहुतांशी नामाभोवती फिरतो. शब्दाचा इतिहास मात्र क्रियेच्या बाजूने साक्ष देतो. त्या साक्षीने वाद मिटत नाही. पण वाद कुठून सुरू झाला हे तिच्यामुळे कळते.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचे रूप ‘येमुंद’ असे काहीसे होते आणि त्याचा मुख्य अर्थ होता आठवण. इंडो-युरोपीय ‘मेन्’ या धातूपासून निघालेले हे घराणे मोठे आहे. संस्कृतातले मनस्, मति, मंत्र आणि मन्यते, लॅटिनमधले ‘मेन्स’, ग्रीकांची स्मृतिदेवता म्नेमोसिनी, जुन्या नॉर्समधले ‘मिन्नी’ म्हणजे स्मरण, ही सगळी त्यातलीच भावंडे. जर्मनमध्ये याच धातूच्या ‘मिने’ या शब्दाचा अर्थ स्मरणावरून सरकत प्रेमावर गेला आणि मध्ययुगातल्या प्रेमकवींना ‘मिनेझिंगर’ हे नाव पडले. स्कॉटलंडमध्ये मूळ अर्थ अजून जिवंत आहे. तिथली म्हातारी माणसे ‘तुला माइंड आहे का?’ अशा धाटणीने विचारतात, तेव्हा त्यांना ‘तुला आठवते का?’ एवढेच म्हणायचे असते. प्रमाण इंग्रजीत हा अर्थ थोड्या ठिकाणी उरला. आठवण करून देणे म्हणजे ‘रिमाइंड’ करणे, एखादी गोष्ट ध्यानात ठेवणे म्हणजे ती ‘माइंडमध्ये’ बाळगणे, आणि दृष्टीआड झालेले माणूस ‘माइंडबाहेर’ जाते ते याच हिशोबाने. माणसाच्या आठवणीपलीकडच्या काळाला ‘माइंडबाहेरचा काळ’ म्हणतात. इंग्रजांच्या कायद्याने या आठवणीपलीकडच्या काळाला चक्क तारीख दिली : 1275च्या वेस्टमिन्स्टर कायद्यानुसार पहिल्या रिचर्डच्या राज्यारोहणाचे वर्ष, 1189, ही स्मरणाची सीमा ठरली. त्याआधीपासून चालत आलेली वहिवाट अनादी.

या जुन्या अर्थाचे सर्वांत ठळक अवशेष धर्माचारात सापडतात. मृत्यूनंतर एक महिन्याने मृताच्या आत्म्यासाठी जी मिसा होते, तिला कॅथलिक इंग्रजीत ‘मंथ्स माइंड’ म्हणतात. शब्दशः महिन्याची आठवण. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये लोक मृत्युपत्रांत या दिवसासाठी आणि वर्षश्राद्धासारख्या ‘यिअर्स माइंड’साठी पैसे ठेवत. मेणबत्त्या, पाद्र्यांची दक्षिणा, गोरगरिबांना अन्नदान असा तो खर्च असे. प्रॉटेस्टंट सुधारणेने मृतांसाठी प्रार्थना करण्यालाच आक्षेप घेतला आणि 1547च्या कायद्याने असल्या प्रार्थनांसाठी ठेवलेल्या देणग्या सरकारजमा झाल्या. विधी गेला तशी इंग्लंडमधून ती संज्ञाही मागे पडली. आयर्लंडमध्ये मात्र ती टिकली, आणि गोव्यातही. गोव्याच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत दिवंगताच्या छायाचित्राखाली ‘मंथ्स माइंड मास’ अमुक चर्चमध्ये अमुक वाजता, अशी निवेदने नित्य येतात. मासिक श्राद्ध घालणाऱ्या शेजाऱ्याला त्यातले काही समजावून सांगावे लागत नाही. इथे ‘माइंड’ ही कुणाच्या डोक्यात वसणारी वस्तू नाही. ती ठरल्या दिवशी, चारचौघांनी मिळून करायची गोष्ट आहे.

स्मरणाचा हाच अर्थ आणखी एका धर्मपरंपरेच्या भाषांतरात कामी आला. बौद्ध परंपरेतला पाली शब्द ‘सती’ म्हणजे संस्कृत ‘स्मृति’. सिलोनमध्ये सनदी नोकरी केलेले टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी 1881मध्ये बौद्ध सुत्तांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करताना त्यासाठी ‘माइंडफुलनेस’ हा शब्द योजला. तो आधीपासून भाषेत होता, बायबल वाचणाऱ्यांना ‘माइंडफुल’ म्हणजे विसर न पडणारा हे ठाऊक होते. त्यामुळे निवड अचूकच म्हणायला हवी. पुढे 1979मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये ताणनिवारणाचा उपक्रम सुरू केला आणि हा शब्द दवाखाने, शाळा आणि कंपन्यांत पोचला. वाटेत त्यातली स्मृती गळाली. आता त्याचा रूढ अर्थ आहे चालू क्षणाकडे, बरेवाईट न ठरवता, लक्ष देणे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर 1976पासून सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतली विपश्यना शिबिरे चालतात. तिथे दहा दिवसांत श्वासावर आणि शरीरावरच्या संवेदनांवर चित्त ठेवायला शिकवले जाते, पण त्यासोबत पंचशीलही पाळावे लागते. सतीमध्ये ‘आपण काय करायचे ठरवले होते याचे भान’ हा अंश आहे आणि शीलाशी तिचा धागा त्या अंशानेच जोडलेला आहे. कंपनीच्या सभागृहात वीस मिनिटे डोळे मिटून बसण्याच्या कार्यक्रमात हा धागा बहुधा सुटलेला असतो.

आठवण, मग ध्यान, मग काळजी, मग खंत, असा ‘माइंड’ या क्रियापदाचा प्रवास झाला. जे आठवणीत ठेवायचे त्याकडे लक्ष द्यावे लागते. ज्याकडे लक्ष द्यायचे ते सांभाळावे लागते, म्हणून मुले सांभाळणारी बाई ‘चाइल्डमाइंडर’. लंडनच्या भुयारी रेल्वेत 1968पासून ऐकू येणारी ‘माइंड द गॅप’ ही सूचना फलाट आणि डबा यांमधल्या फटीकडे लक्ष ठेवायला सांगते. शेवटी ज्याकडे लक्ष जाते ते खुपूही लागते. ‘तुम्ही माइंड कराल का?’ हा इंग्रजी प्रश्न खरे तर ‘तुम्हाला हरकत आहे का?’ असा असतो, म्हणून संमती द्यायची तर उत्तर नकारार्थी द्यावे लागते. भारतातली इंग्रजी बोलणारी निम्मी माणसे सौजन्याने ‘येस’ म्हणतात आणि हरकत नोंदवून बसतात. मराठीने हे क्रियापद जसेच्या तसे उचलले आहे. ‘माइंड करू नका हं’ हे वाक्य आता कुणाला परके वाटत नाही. गंमत अशी, की त्या जागी मराठीत जे आधीपासून होते, ‘वाईट मानू नका’, ‘राग मानू नका’, त्यातले मानणेही ‘मन्’ धातूच्याच कुळातले. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एका धातूला एकाच कामाला लावले होते.

नामाच्या बाजूला गेले की वाक्प्रचारांचा रंग बदलतो. इंग्रजीत माइंड बनवता येते, म्हणजे निर्णय घेता येतो. बदलता येते, म्हणजे मत फिरवता येते. बोलून दाखवता येते, म्हणजे स्पष्ट सुनावता येते. एखादे काम करायचे ‘अर्धे माइंड’ असू शकते. माणूस ‘दोन माइंडांत’ सापडतो, तेव्हा मराठीत त्याचे तळ्यात-मळ्यात चाललेले असते. माइंड हरवते, तेव्हा इकडे डोके फिरते. या सगळ्यांत निर्णय, मत, हेतू आणि भान अशा चार गोष्टी आलटूनपालटून येतात. भावना जवळजवळ नसते. इंग्रजी भावना हृदयाकडे सोपवते. हृदय भंगते, माइंड भंगत नाही. आत्मा सैतानाला विकता येतो, त्याचा उद्धार होतो, तो नरकात जातो. माइंडाची अशी कुठलीच गती सांगितलेली नाही. तत्त्वज्ञांनी पुढे माइंड आणि आत्मा यांची गाठ कितीही घट्ट बांधली, तरी लोकांच्या बोलण्यात ती कधी बसली नाही.

मराठीतली वाटणी वेगळी आहे. मन मोकळे होते, मन खट्टू होते, कशात लागत नाही, एखाद्या गोष्टीला धजत नाही, आणि खाते ते मनच. म्हणजे इंग्रजी हृदयाचा बराचसा कारभार मराठीत मनाकडे आहे. उलट विचार करण्याचे काम मराठी डोक्याला किंवा बुद्धीला सांगते. दस्तऐवजात हा फरक स्वच्छ दिसतो. मृत्युपत्र करणारा ‘साउंड माइंड’चा असावा असे इंग्रजी कायदा म्हणतो, मराठी मृत्युपत्र लिहिणारा कारकून तिथे मनाचे नाव न काढता ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ असे लिहितो. राजीखुशी म्हणजे दबाव नसणे आणि अक्कलहुशारी म्हणजे समज शाबूत असणे. ‘साउंड माइंड’ या दोन शब्दांत जे गुंडाळून ठेवले होते ते इथे उलगडलेले आहे. ‘फिलॉसॉफी ऑफ माइंड’चे भाषांतर ‘मनाचे तत्त्वज्ञान’ असे झाले की वाचक त्यात रुसवेफुगवे शोधू लागतो, यात त्याचा दोष नाही. फ्रेंच आणि जर्मन वाचकांचीही हीच अडचण आहे. हेगेलच्या 1807च्या ग्रंथातला ‘गाइस्ट’ 1910च्या इंग्रजी भाषांतरात माइंड झाला आणि 1977च्या भाषांतरात स्पिरिट. ग्रंथ एकच, पण पहिला मानसशास्त्राचा वाटतो आणि दुसरा धर्माचा.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर तिथे आणखी थोडे थांबायला हवे, कारण ‘माइंड’ या शब्दावर रोज कुणाचे तरी नशीब ठरते ते न्यायालयात. भारतीय करार कायदा 1872चा. त्याच्या बाराव्या कलमात साउंड माइंडची कसोटी दिली आहे : करार करताना माणसाला तो करार समजतो का, आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल याचा तर्कशुद्ध विचार त्याला करता येतो का. माइंड नावाची वस्तू तपासायला सांगितलेली नाही. दोन गोष्टी करता येतात की नाहीत, एवढेच पाहायचे आहे. फौजदारी कायद्यातही तसेच. 1843मध्ये डॅनियल मॅक्नॉटनने इंग्लंडच्या पंतप्रधानांचे चिटणीस एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. त्या खटल्यानंतर न्यायाधीशांनी जे नियम घालून दिले, त्यांचा गाभा होता : आपण काय करत आहोत, किंवा ते गैर आहे, हे आरोपीला कळत होते का? 1860च्या दंडसंहितेच्या 84व्या कलमात तो आला आणि आता भारतीय न्याय संहितेच्या 22व्या कलमात आहे. भारतीय न्यायालयांचा खास शब्दप्रयोग तर याहून बोलका आहे : ‘नॉन-अ‍ॅप्लिकेशन ऑफ माइंड’. एखाद्या अधिकाऱ्याने स्थानबद्धतेच्या हुकमावर फाइल न वाचता सही केली, समोरची कागदपत्रे विचारात घेतली नाहीत, छापील मसुद्यातली गाळलेली जागा भरून मोकळा झाला, तर न्यायालय हुकूम रद्द करताना हेच कारण देते. त्या अधिकाऱ्याला माइंड नव्हते असे कुणीच म्हणत नाही. त्याने ते लावले नाही, म्हणजे जे करायचे ते केले नाही.

मग माइंडला वस्तुरूप आले कुठून? याचे श्रेय किंवा दोष साधारणपणे रने देकार्त याला दिला जातो, आणि तो बराचसा रास्त आहे. 1641च्या ‘मेडिटेशन्स’मध्ये त्याने विचार करणारे द्रव्य आणि जागा व्यापणारे द्रव्य अशी जगाची फाळणी केली. लॅटिनमध्ये लिहिताना त्याने ‘अॅनिमा’ हा जुना शब्द बाजूला ठेवून ‘मेन्स’ पत्करला, कारण अॅनिमात प्राण, श्वास, वाढ अशी देहाची कामेही मिसळलेली होती आणि त्याला निखळ विचार तेवढा हवा होता. धर्माच्या दृष्टीने हा सौदा फायद्याचा दिसला. देह यंत्रासारखा चालतो हे नव्या भौतिकशास्त्राचे म्हणणे मान्य करूनही अमर आत्म्याला जागा राहत होती. पण किंमत लगेच दिसू लागली. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने 1643मध्ये पत्राने विचारले : जे जागाच व्यापत नाही ते देहाला हलवते कसे? देकार्तने मेंदूतल्या पिनियल ग्रंथीकडे बोट दाखवले. ग्रंथी कितीही लहान असली तरी जागा व्यापतेच, तेव्हा प्रश्न होता तिथेच राहिला. राजकन्येचे ते पत्र पुढच्या कित्येक जाडजूड ग्रंथांपेक्षा मुद्द्याचे आहे.

या नामाला सर्वांत जोरदार धक्का ऑक्सफर्डच्या गिल्बर्ट राइल यांनी 1949मध्ये ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या पुस्तकात दिला. देकार्तच्या मताला त्यांनी ‘यंत्रातले भूत’ म्हटले. त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. एक पाहुणा ऑक्सफर्डला येतो. त्याला महाविद्यालये, ग्रंथालये, खेळाची मैदाने, कार्यालये सगळे दाखवतात. शेवटी तो विचारतो, हे सगळे पाहिले, पण विद्यापीठ कुठे आहे? विद्यापीठ ही आणखी एक इमारत नव्हे. पाहिलेल्या गोष्टी ज्या रीतीने एकत्र चालतात तेच विद्यापीठ. राइल यांच्या मते माइंडही तसेच : माणूस शहाणपणाने खेळतो, चुका सुधारतो, विनोद ओळखतो, दिलेला शब्द आठवून पाळतो, या सगळ्याच्या मागे आणखी एक अदृश्य कारभारी शोधणे ही कोटीची चूक आहे. अमेरिकेत जॉन ड्यूई यांनी 1934मध्येच, तेही कलेवरच्या पुस्तकात, माइंड हे मुळात क्रियापद आहे असे म्हणून ठेवले होते.

राइल यांचे म्हणणे भाषेच्या इतिहासाशी जुळते, पण ते पुरते पटत नाही. दाढ दुखते तेव्हा दुखणे ही काही करण्याची रीत नव्हे. एखादा माणूस तोंडाने अवाक्षर न काढता तासभर जुना अपमान घोळवत बसतो, तेव्हा बाहेरून दिसण्यासारखे काहीच घडत नाही, आत मात्र बरेच घडते. राइल यांना याची कल्पना होती, आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी विचार करणे म्हणजे काय यावर पुन्हा पुन्हा लिहिले. शिवाय वाक्प्रचारांवरून तत्त्वज्ञान सिद्ध करण्यालाही मर्यादा आहे. सूर्य उगवतो असे सगळ्या भाषा म्हणतात, तेवढ्याने तो पृथ्वीभोवती फिरू लागत नाही. भाषा फार तर एवढे दाखवते की लोक एखाद्या वस्तूबद्दल बोलत आहेत असे आपण गृहीत धरले होते, ते निराधार होते.

भारतीय दर्शनांत मनस् हे नामच आहे, पण फाळणीची रेषा दुसरीकडून जाते. न्यायदर्शनात मन हे आतले इंद्रिय आहे, प्रत्येक देहात एकच आणि अणूएवढे. त्याचा पुरावा असा, की एकाच वेळी अनेक ज्ञाने होत नाहीत; डोळे, कान, नाक सगळे आपापल्या विषयाला भिडलेले असूनही एका क्षणी एकच कळते, तेव्हा इंद्रिय आणि आत्मा यांना जोडणारे आणि एका वेळी एकीकडेच पोचू शकणारे काहीतरी मध्ये असले पाहिजे. यावर जुना आक्षेप खाण्याचा आहे : शष्कुली नावाचा लांबट कुरकुरीत पदार्थ खाताना त्याचा आवाज, वास, चव, स्पर्श आणि रूप सगळे एकदमच कळते की! नैयायिकांचे उत्तर असे, की ते एकदम वाटते इतकेच. कमळाच्या शंभर पाकळ्यांच्या चळतीतून सुई आरपार गेली की सगळ्या एकदम टोचल्या गेल्यासारख्या वाटतात, पण सुई एकेक करूनच गेलेली असते. उपनिषदांतही हा अनुभव टिपलेला आहे. बृहदारण्यकात, मन दुसरीकडे असल्यामुळे समोरचे दिसले नाही, ऐकू आले नाही, या रोजच्या बोलण्यावरून मनाचे अस्तित्व दाखवले आहे. इंग्रजीतला ‘अॅबसेंट-माइंडेड’ नेमका हाच.

सांख्यांची रेषा तर देकार्तच्या नेमकी उलट्या अंगाला पडते. त्यांच्या मते मन, अहंकार आणि बुद्धी ही तिन्ही अंतःकरणे प्रकृतीची, म्हणजे जड बाजूची. निश्चय करणे, ‘मी’ म्हणणे, संकल्प-विकल्प करणे ही सगळी कामे जडच करते. पुरुष, म्हणजे चेतन आत्मा, नुसता पाहतो. देकार्तने विचाराला देहापासून तोडून आत्म्याच्या पारड्यात टाकले होते. सांख्यांनी विचाराला देहाच्या रांगेत बसवले आणि आत्म्याकडे फक्त साक्षीपण ठेवले. वेदान्तात चित्त मिळवून अंतःकरण चौपदरी झाले, तरी हा मुद्दा बदलला नाही. समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांत 205 श्लोकभर मनाला समोर बसवून उपदेश करता येतो, तो या पार्श्वभूमीवर : बोलणारा वेगळा आणि मन वेगळे, हे ऐकणाऱ्यांना आधीपासून मान्य असते. इंग्रजीत माणूस स्वतःची समजूत घालतो. आपल्या माइंडला हाक मारण्याची तिथे रीत नाही.

या फरकाचा परिणाम एका अगदी आधुनिक प्रश्नावर होतो. अॅलन ट्युरिंग यांनी 1950मध्ये यंत्रे विचार करू शकतील का, हा प्रश्न ज्या लेखात मांडला तो ‘माइंड’ याच नावाच्या, 1876मध्ये निघालेल्या त्रैमासिकात छापला गेला. त्या वेळी त्याचे संपादक गिल्बर्ट राइल होते. लेखात ट्युरिंग यांनी आक्षेपांची यादी दिली, तीत पहिला आक्षेप धर्माचा आहे : विचार हे अमर आत्म्याचे काम, आणि आत्मा ईश्वराने फक्त माणसांना दिला, म्हणून यंत्र विचार करणार नाही. ट्युरिंग यांनी उलट विचारले, सर्वशक्तिमान ईश्वराला वाटले तर तो हत्तीलाही आत्मा देऊ शकणार नाही का? हा आक्षेप उभा राहतो तो विचार आणि आत्मा यांची देकार्तने बांधलेली गाठ कायम धरली तर. सांख्यमताच्या माणसाला यंत्राने हिशेब केला, निर्णय घेतला, अगदी ‘मी’ म्हटले, तरी दचकायचे कारण नाही. जडाने जडाचे काम केले, असे तो म्हणेल आणि ते पाहणारा पुरुष तिथे आहे का, एवढेच विचारेल. नैयायिक मात्र इतक्यावर ऐकणार नाही. त्याच्या मते ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे, मन हे नुसते साधन. आत्म्याशिवाय मनासारखे काही बनवले, तर त्यातून जे निघेल त्याला तो ज्ञान म्हणणार नाही, मग ते उत्तर कितीही बरोबर असो.